ऐकण्यासारखे काही नाही म्हणे!

“मराठीत ऐकण्यासारखे काही मिळतच नाही हो!” हे वाक्य हल्ली सुशिक्षितपणाचे लक्षण मानले जाते. लग्नाच्या पंगतीत ऐका, शाळेच्या शिक्षकखोलीत ऐका, सकाळी गंगेवर फिरायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींत ऐका. जिकडेतिकडे हीच कुरकुर. आणि कुरकुर करणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर त्या क्षणी कोण बोलत असते? कुणी आठ दिवसांत पोट उतरवून देण्याची शपथ वाहत असतो, नाहीतर चौघे जण एकाच वेळी ओरडत असतात. अशा सद्गृहस्थांना मी विचारतो, “हे आपण निवडलेत काय?” ते म्हणतात, “छे, आपोआप आले.”

माझे सारे भांडण या ‘आपोआप’शी आहे.

२०१८ साली यूट्यूबच्याच एका बड्या अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले की, तेथे लोक जो वेळ पाहण्यात घालवतात, त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ यंत्राने सुचवलेल्या गोष्टींवर जातो. आता हे यंत्र तुमची आवड जाणते असे समजू नका. तुम्ही किती वेळ खिळून बसलात, हे ते मोजते. रस्त्यात भांडण लागले की आपण सारेच घटकाभर थांबतो. तेवढ्यावरून कुणी ठरवले की या गृहस्थांना भांडणे फार प्रिय, आणि रोज सकाळी दोन भांडखोर आणून दारात उभे केले, तर आपण काठी घेऊन धावू. कानाच्या दाराशी मात्र आपण त्यांना पाट मांडून देतो. भेंडीचे शेंडे मोडून पाहिल्यावाचून पावशेर भेंडी न घेणारी ही आपली जात!

म्हणे काही मिळत नाही! ६ मार्च २०१८ रोजी आमच्या नाशिकच्या सीबीएस चौकातून हजारो शेतकरी आणि आदिवासी पायी निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत पोहोचले. बड्या वाहिन्यांना खरी जाग आली ती लाल टोप्या मुंबईच्या वेशीवर दिसू लागल्यावर. पण ही माणसे कोण, कशासाठी चालताहेत, रात्री कुठे टेकतात, हे वाटेत त्यांच्याबरोबर राहून लिहिणारे होते. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’वर ते वाचायला मिळते. तेथे मराठीतही वाचता येते आणि एक पैसा पडत नाही. त्याच ‘पारी’वर जात्यावरच्या ओव्यांचे दालन आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी हिंडून जमवलेल्या या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत, आणि हजारावर गावांतून आलेल्या आहेत. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव सोबत नोंदलेले असते. तिचा आवाज तिच्या आवाजातच ऐका. आजीला ऐकवा, म्हणजे तीही चार ओव्या सांगेल, आणि त्या कदाचित त्या लाखांत नसतील!

घरातल्या गोष्टींबद्दल निवांत ऐकायचे, तर ‘अमुक तमुक’सारखे पॉडकास्ट आहेत. नवराबायको, मुले, मनाचे आजार यांवर तेथे जाणत्या माणसांशी तासतासभर गप्पा चालतात. आणि इतके लांब तरी कशाला जा? आमच्या नाशकात ९०.८ वर ‘रेडिओ विश्वास’ नावाचे सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे. जून २०२०मध्ये शाळांना कुलुपे होती, तेव्हा या केंद्राने तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा कार्यक्रम सुरू केला. सुमारे दीडशे शिक्षकांनी येऊन धडे ध्वनिमुद्रित केले. ज्या घरात महागडा मोबाइल नव्हता, त्या घरातल्या मुलापर्यंत मास्तरांचा आवाज असा पोहोचला. २०२३ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आता विचारा कॉलेज रोडवरच्या दहा जणांना, ९०.८ वर काय लागते म्हणून!

तेव्हा प्रश्न शोधण्याचा आहे, आणि शोधायचे म्हणजे पारखायचे. माझी पारख अगदी गावठी आहे. जो विषय तुम्हांला स्वतःला ठाऊक आहे, त्यावर हा गडी काय बोलतो ते आधी ऐकावे. लासलगावच्या माणसाने कांद्यापासून सुरुवात करावी. भाव चढला की ‘कांद्याने रडवले’ हा मथळा तयार असतो; पण २०१८ साली निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये आले आणि ते त्याने पंतप्रधानांना मनिऑर्डरने धाडले, किंवा डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४पर्यंत राहिली, तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हे जो सांगेल त्याच्यापाशी बसावे. कांद्याबाबत जो थापा मारतो, तो इराण-अमेरिकेबाबत खरे बोलत असेल हे कशावरून?

दुसरे, पैसा कुणाचा ते पाहावे. पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसे स्पष्ट लिहावे, असा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली घातला आहे. मुलाखतीचे कपडे चढवून जाहिरातच आली असेल, तर उठून जावे.

आणि तिसरे म्हणजे, माणसाला विचारावे. १८४० पासून चालत आलेले आमचे सार्वजनिक वाचनालय घ्या. वाचनालयात गेलेला वाचक काउंटरपलीकडच्या माणसाला विचारतो, “नवे काय चांगले आले?” तो माणूस चष्म्यावरून तुमच्याकडे पाहून पुस्तक काढतो. मोबाइलबाबतही हाच प्रश्न शेजाऱ्याला, भाचीला, शाळेतल्या सोबत्याला विचारायला काय हरकत आहे? एकदा चांगले सापडले की त्याचे नाव लिहून ठेवावे आणि थेट तेथेच जावे. पॉडकास्टचे नवे भाग ज्या वाटेने आपल्याकडे येतात तिला आरएसएस म्हणतात (नाव ऐकून दचकू नये, याचा शाखेशी संबंध नाही), आणि या वाटेत मध्ये कुणी शिफारस करणारा बसलेला नसतो. एकाच दुकानावर मात्र विसंबू नये. गूगलने आपले पॉडकास्टचे दुकान २०२४ साली बंद केले, ते कुणाला विचारून?

आता कडू गोष्ट. कीर्तन ऐकून झाले की आरतीचे ताट फिरते, आणि ताट जवळ आले की काही लोकांना नेमकी चप्पल शोधायची आठवण होते. आपण मराठी माणसे गेली दोनशे वर्षे चप्पल शोधतो आहोत! बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले, १८४० साली बंद पडले. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने निघाले, आणि १९२३ साली तेही संपले. श्री. ग. माजगावकरांचा ‘माणूस’ १९६१ पासून पाव शतक चालला. त्याच्या आठवणीने गहिवरणारे मला आजही पुष्कळ भेटतात. त्यांतले वर्गणीदार किती होते, हे विचारले की गहिवर ओसरतो.

“सगळे फुकट मिळते, मग पैसे का द्यायचे?” असे विचारणारे याच दिवाळीत फटाक्यांची माळ पाच मिनिटांत फुंकून टाकतात. आमचे एक स्नेही अधिक चतुर आहेत. ते म्हणतात, “पैसे दिले म्हणून ते स्वतंत्र राहतील कशावरून?” राहतीलच असे मी म्हणत नाही. पण वर्गणी भरणाऱ्याला रागावण्याचा हक्क मिळतो. मी दोन ठिकाणी वर्गणी भरतो. गेल्या श्रावणात त्यांतल्या एकाने कांद्याचा क्विंटलचा भाव किलोचा म्हणून सांगितला. मी खरमरीत पत्र धाडले. चार दिवसांत उत्तर आले, आणि पुढच्या भागाच्या आरंभीच त्या गृहस्थांनी दुरुस्ती वाचून दाखवली. स्वर थोडा रुसलेला होता, पण आकडे बरोबर होते.