बॅलन्स कार्डात की सर्व्हरवर? सिंगापूरच्या मेट्रोने शिकवलेला धडा

९ जानेवारी २०२४ ला सिंगापूरच्या लँड ट्रान्सपोर्ट अथॉरिटीने, म्हणजे एलटीएने, जाहीर केलं की १ जूनपासून मोठ्यांची जुनी ईझी-लिंक कार्डं बस आणि मेट्रोत चालणार नाहीत, सगळ्यांनी नव्या 'सिम्पलीगो' सिस्टीमवर यायचं. लोक इतके वैतागले की २२ जानेवारीला, म्हणजे अवघ्या १३ दिवसांत, निर्णय मागे घेतला गेला. जुनी सिस्टीम चालू ठेवण्यासाठी सरकारने ४ कोटी सिंगापूर डॉलर जादा खर्च करायचं ठरवलं.

मी नोकरीसाठी इथेच राहतो, रोज मेट्रोने ऑफिसला जातो. मला यात इंटरेस्टिंग वाटलं ते भांडणाचं कारण. ते होतं गेटच्या स्क्रीनवरचा एक आकडा!

जुन्या पद्धतीत पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात. टॅप केलं की गेटवरचं मशीन तिथल्या तिथे भाडं कापतं आणि शिल्लक दाखवतं. सिम्पलीगोमध्ये कार्ड म्हणजे फक्त तुमची ओळख. पैशांचा हिशोब सर्व्हरवर होतो, तोही टॅपनंतर. सर्व्हरकडून शिल्लक मागवून दाखवायची तर प्रत्येक प्रवाशामागे काही सेकंद जादा जातील आणि बसच्या दाराशी रांग लागेल, असं एलटीएचं म्हणणं होतं. त्यामुळे किती कापले, किती उरले, हे बघायला ॲप उघडावं लागतं.

नव्या पद्धतीचे फायदे खरे आहेत. घरबसल्या फोनवरून टॉप-अप होतं. कार्ड हरवलं तर ॲपवरून ब्लॉक करता येतं. बँकेचं कार्ड थेट टॅप करता येतं, म्हणजे विमानतळावरून निघताना वेगळं कार्ड घ्यायला नको. (फक्त लक्षात ठेवा, परदेशी बँकेचं कार्ड असेल तर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट फी पडते.) मोठ्यांच्या प्रवासांपैकी सुमारे दोन तृतीयांश तेव्हाच नव्या सिस्टीमवर झाले होते.

मग उरलेल्यांचं काय? पगार मोजून खर्च करणाऱ्याला किंवा ॲपशी फारशी दोस्ती नसलेल्या आजोबांना तो आकडा गेटवरच दिसायला हवा असतो. इंजिनिअर म्हणून मला सर्व्हरवाली पद्धत सुटसुटीत वाटते. पण त्यात हिशोब तपासायचं काम मशीनकडून माणसाकडे आलं. अपग्रेडमध्ये एक फीचर गेलं, आणि लोकांना नेमकं तेच हवं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न येणारच आहे. २०१९ मध्ये आलेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात पैसे चिपमध्ये असतात, म्हणून ऑनलाइन टॉप-अप केल्यावर मशीनवर बॅलन्स अपडेट करावा लागतो. कटकट आहे, पण नेटवर्क नसलं तरी कार्ड चालतं. दुसरीकडे मुंबई, पुण्याच्या मेट्रोची तिकिटं फोनवर क्यूआर कोडने निघतात आणि २०२५ मध्ये 'मुंबई वन' ॲपही आलं. उद्या कुणी "आता सगळं ॲपवरच" म्हणालं, तर आपण एकच विचारायचं: फोनची बॅटरी संपलेल्या माणसाला त्याचे किती पैसे कापले गेले, ते कुठे दिसणार? याचं उत्तर तयार असेल, तर जुनं कार्ड खुशाल बंद करा.