उपयोजित कला कोणाच्या उपयोगाची?

बारावीचे निकाल लागले कीं सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवें वाक्य ऐकूं येतें : 'मुलाला चित्रकलेची आवड आहे, त्याला डिझाईनला घालावें.' पूर्वीं चित्रकलेचें नांव काढतांच वडिलांच्या कपाळाला आठ्या पडत. आतां पदवी व पगार या दोहोंची आशा दिसूं लागल्यामुळें त्या आठ्या मावळल्या आहेत. हा पालट आम्हांस अनिष्ट वाटत नाहीं. परंतु ज्या विद्येला आपण इतक्या उत्साहानें मुलें वाहत आहों, तिच्या नांवामागें 'उपयोजित' हें विशेषण कां लागलें, हा प्रश्न त्या उत्साहांत राहून गेला आहे. आमचें म्हणणें स्पष्ट आहे. हातानें वस्तु घडविणाऱ्या कारखान्याशीं ज्या शिक्षणाचा संबंध उरला नाहीं, त्यानें 'उपयोजित' हें नांव मिरवूं नये. हें पटविण्यास विलायतेचे दाखले नकोत. पनवेल-रोहा मार्गावर जिते स्टेशनांत उतरलें तरी पुरे.

जिते, हमरापूर, जोहे हीं पेण तालुक्यांतील गांवें गणपतीच्या कारखान्यांवर जगतात. तेथें मूळ मूर्ति घडविणारा वेगळा, तिच्यावरून साचा काढणारा वेगळा; सांधे जोडून घासणारा, रंग देणारा आणि सर्वांच्या शेवटीं डोळ्यांची आखणी करणारा, असे प्रत्येकाचे हात वेगळे. रंगकामांत बायकांचा वांटा मोठा आहे. पुष्कळशा मूर्ति कच्च्या, म्हणजे न रंगविलेल्या, परगांवीं जातात. आतां विचार करावा. द्रव्य कोणतें, तें किती वेळांत वाळेल, खर्च काय येईल, ट्रकमध्यें सोंड न मोडतां मूर्ति कशी जाईल, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत ती कशी भरेल, या प्रश्नांच्या उत्तरांनाच विद्यापीठांत 'डिझाईन' म्हणतात. तेंच काम बारा महिने करणाऱ्याला मात्र आपण 'कारागीर' म्हणतों, आणि तो शब्द उच्चारतांना आपला आवाज किंचित् खालीं येतो.

ही दरी जुनी नाहीं. सर जमशेटजी जीजीभाई यांनीं १८५३ मध्यें एक लाख रुपये देऊं केले, ते कला आणि कारागिरी या दोहोंच्या सुधारणेसाठीं. १८५७ सालीं शाळा सुरू झाली. १८६५ मध्यें आलेल्या लॉकवुड किपलिंग यांनीं तेथील शिल्पशिक्षण प्रत्यक्ष इमारतींच्या कामाशीं जोडलें. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरील नक्षींत या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. पुढें लॉर्ड रे यांच्या नांवानें कलाकारखाने निघाले. मग १९३५ मध्यें व्यापारी कलेचा विभाग आला, १९६१ मध्यें उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली, आणि २०२३ सालीं जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मान वाढत गेला, याचा आम्हांस आनंद आहे. पण जसजसा मान वाढला तसतशी छिन्नी व माती मागें पडून जाहिरात व पडदा पुढें आला. जाहिरात ही कांहीं पापाची कमाई नव्हे. परंतु तीच जर उपयोजित कलेचें सर्वस्व ठरली, तर उपयोग कोणाचा, हें विचारावेंच लागेल.

अमेरिकन दांपत्य चार्ल्स व रे ईम्स यांनीं १९५८ मध्यें भारत सरकारला जें टिपण दिलें, त्यांत त्यांनीं आपल्या साध्या लोट्याला उत्तम रचनेचा नमुना ठरविलें. तो कोणा एकाचा नव्हे, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनीं घडला, असें त्यांचें मर्म होतें. त्याच टिपणाच्या आधारें १९६१ मध्यें अहमदाबादची राष्ट्रीय संस्था निघाली. लोट्याचा गौरव झाला. पण लोटा घडविणाऱ्या तांबटाच्या मुलीस अशा शिक्षणाचें दार किती उघडें आहे? पदवीच्या डिझाईन शिक्षणासाठीं २०१५ पासून आयआयटी मुंबई जी प्रवेशपरीक्षा घेते, तिची प्रश्नपत्रिका इंग्रजींत असते. डोळ्यांची आखणी ज्याला बोटांनीं येते, त्यानें आधीं परकी भाषा वाचावी, मग आपला हात दाखवावा!

आणि ज्या प्रश्नावर या गांवांचें पोट अवलंबून आहे, त्याकडे पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० मध्यें प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारे सुधारित नियम काढले. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितलें. जूनमध्यें मूर्ति घडविण्यास व विकण्यास मोकळीक मिळाली, पण नैसर्गिक पाण्यांतील विसर्जनाचा निर्बंध कायम ठेवून. ऐन हंगामाच्या तोंडावरचे ते महिने कर्ज काढून माल भरणाऱ्याला कसे गेले असतील, हें सांगावयास नको. शाडू जड, ठिसूळ, सावकाश वाळणारा. प्लास्टर हलकें, स्वस्त, झटपट घट्ट होणारें, पण पाण्यांत न विरघळणारें. दोहोंचे गुण घेऊन दोष टाळणारी मूर्ति कशी करावी, हा रचनेचा प्रश्न नव्हे तर काय? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें प्लास्टर विरघळविण्याचा अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय शोधला. वकील बोलले, पर्यावरणवादी बोलले. डिझाईनच्या विद्यापीठांचा आवाज मात्र आमच्या कानीं आला नाहीं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे. त्यानें इतिहास, सिद्धान्त व अभिरुचि द्यावी. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. जित्यालाही त्यांची गरज आहे. साचा श्रम वांचवितो तसा विचारही वांचवितो. एक मूर्ति लोकप्रिय झाली कीं दहा कारखान्यांतून तीच निघते. कारागिरांच्या रक्तांतच कला आहे, त्यांना कॉलेज कशाला, असें म्हणणारे रसिक तर आम्हांस अधिकच संशयास्पद वाटतात. प्लास्टरच्या धुळींत व रंगाच्या फवाऱ्यांत स्वतःचा मुलगा बसवावयास त्यांच्यापैकीं कोणी तयार नसतो. पण रुग्णालयाशिवाय वैद्य आणि शेताशिवाय कृषिपदवीधर आपण मान्य करीत नाहीं. मग कारखान्याशिवाय उपयोजित कलावंत कसा मान्य करतों?

दुसरा आक्षेप नियमांचा : पदवी नसलेल्या मूर्तिकारास वर्गावर कसें नेमावें? तोही आतां उरला नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ मध्यें प्रत्यक्ष व्यवसायांतील तज्ज्ञांना औपचारिक पदवीची अट न घालतां प्राध्यापक म्हणून घेण्याची मुभा दिली आहे. नियम मोकळा झाला. मन मोकळें व्हावयाचें आहे.

म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानें एक सत्र कारखान्यांत काढावें, त्याला गुण असावेत, आणि शिकविणाऱ्या कारखानदारास मोबदला मिळावा. प्रवेशाची परीक्षा मराठींतूनही व्हावी व केलेल्या कामाला तींत वजन असावें. आणि जाणत्या मूर्तिकारास पाहुणा म्हणून हार घालून बोळवूं नये. प्राध्यापक म्हणून खुर्ची द्यावी.

पालकांस एवढेंच सांगणें आहे. प्रवेशाच्या दिवशीं संस्थेला पगाराचा आंकडा अवश्य विचारा. पण त्याच्या आधीं हेंही विचारा कीं, माझी मुलगी येथें कोणाच्या शेजारीं बसून शिकेल. जित्याची मुलगी त्या वर्गांत नसेल, तर तुमच्या मुलीचें शिक्षणही अर्धेंच राहील.