‘जेनिफा’चे इंग्रजी आणि अब्जाचा गल्ला

फुंके अकिंडेले या नायजेरियन अभिनेत्रीचा ‘अ ट्राइब कॉल्ड ज्यूडा’ हा चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि अवघ्या काही आठवड्यांत त्याने एक अब्ज नैरांचा गल्ला जमविला. स्वदेशातील चित्रपटगृहांत हा टप्पा गाठणारा तो पहिलाच नायजेरियन चित्रपट. एका स्त्रीच्या जिद्दीचा विजय म्हणून त्याचे कौतुक झाले. जिद्द आहेच, परंतु हे प्रेक्षक कोण आणि दाराबाहेर कोण राहिले, हेही विचारले पाहिजे.

अकिंडेले यांचा जन्म १९७७ चा, लागोसजवळच्या इकोरोडूचा. आई डॉक्टर, वडील मुख्याध्यापक. १९९८ पासूनच्या ‘आय नीड टू नो’ या दूरचित्रवाणी मालिकेतून त्या परिचित झाल्या. पण त्यांना घरोघर नेले ते २००८ च्या ‘जेनिफा’ या योरुबा चित्रपटाने. सुलियात ही खेड्यातली मुलगी विद्यापीठात येते, शहरी मुलींच्या पंक्तीला बसण्यासाठी ‘जेनिफा’ हे नाव घेते आणि मोडकेतोडके इंग्रजी फेकू लागते. त्या इंग्रजीवर अवघा योरुबा मुलूख हसला. ही गरिबाच्या बोलण्याची टवाळी होय, हा आक्षेप मला पटत नाही. जेथे नोकरी आणि प्रतिष्ठा यांच्या किल्ल्या इंग्रजीच्या कनवटीला आहेत, तेथे प्रेक्षक आपल्याच भीतीला हसत असतो. माझी तक्रार वेगळी आहे. अखेरीस एचआयव्हीची लागण होते ती सुलियातला. तिच्यासारख्या मुली विकत घेणाऱ्या धनिकांचा हिशेब मात्र कथा मागत नाही. अकिंडेले यांना याच भूमिकेसाठी २००९ चा आफ्रिकन चित्रपट अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

या यशामागचे अर्थकारण १९८६ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या ‘संरचनात्मक समायोजना’त नैरा कोसळला आणि परदेशी कच्ची फिल्म परवडेनाशी झाली. ह्यूबर्ट ओगुंडे यांच्या फिरत्या नाटक मंडळीतून उभा राहिलेला योरुबा चित्रपट व्हिडिओवर आला. जुनी चित्रपटगृहे बंद पडली. कित्येकांची प्रार्थनास्थळे वा गोदामे झाली. ‘जेनिफा’ही लागोसच्या इडुमोटा बाजारातून चकत्यांवरच लोकांपर्यंत गेला. चोरट्या प्रतींनी निर्माते नागवले जात, हे खरे. पण एका चकतीवर अख्खी आळी चित्रपट पाहत असे.

आता चित्रपटगृहे परतली आहेत ती मॉलमध्ये. २०२४ च्या मध्यापर्यंत नायजेरियात मासिक किमान वेतन ३० हजार नैरा होते आणि तिकीट काही हजारांचे. पाच माणसांच्या कुटुंबाने एकदा चित्रपट पाहायचा, तर त्या वेतनाचा मोठा लचका तुटे. खुद्द तो अब्जही दिसतो तेवढा मोठा नाही. जून २०२३ च्या अवमूल्यनापूर्वी डॉलरला साडेचारशेच्या वर नैरा पडत, वर्षअखेर सुमारे नऊशे. म्हणजे अब्जाचे डॉलरमधील मोल निम्म्यावर आले होते.

आणि या चित्रपटाची कथा काय? पाच मुलगे एकटीने वाढविणाऱ्या आईचे मूत्रपिंड निकामी होते, उपचाराला पैसा नाही, म्हणून मुलगे मॉलमध्ये दरोडा घालायचे ठरवतात. उपचाराविना तडफडणाऱ्या गरिबाची ही कहाणी गरिबाला न परवडणाऱ्या मॉलमध्येच विकली गेली. याबद्दल अकिंडेले यांना दोष देणे अन्यायाचे होईल. प्रदर्शनाची साधने त्यांच्या हाती नाहीत.

सत्तेचा मार्गही त्यांनी धरून पाहिला. मार्च २०२३ च्या निवडणुकीत लागोस राज्याच्या उपराज्यपालपदासाठी त्या पीडीपीच्या उमेदवार होत्या. पक्ष तिसरा आला. मते सुमारे ६२ हजार. त्यांच्यावर जीव टाकणारे प्रेक्षक कितीतरी पटींनी अधिक असतील, पण पक्षाची वस्तीपातळीवरची बांधणी नटीची लोकप्रियता भरून काढीत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. त्या निवडणुकीत कोणत्याही पक्षाने वस्तीतल्या स्वस्त चित्रपटगृहाचा प्रश्न घेतला असता, तर तो त्यांच्याच तोंडी सर्वांत शोभला असता. ओगुंडे यांची मंडळी गावोगावच्या शाळांत आणि नगरभवनांत खेळ करीत असत. तशा सभागृहांत एक पडदा आणि एक प्रक्षेपक बसवायला अब्ज नैरा लागत नाहीत.