आधी पाणी, मग प्राणी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने अमोनिया आणि नायट्राइट यांवर लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. येवो. मी रोज संध्याकाळी शोभिवंत माशांच्या एका दुकानात काम करतो, माझी फी त्यातूनच निघते. आणि तेथे जे पाहतो त्याविषयी गप्प बसणे मला जमत नाही.

सध्या ॲक्सोलोटलला फार मागणी आहे. डोक्यामागे पिसांसारखे कल्ले मिरवणारा, जन्मभर अळीच्याच अवस्थेत राहणारा हा उभयचर मूळचा मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्को येथील कालव्यांतला. त्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचे भारी अप्रूप. पण त्या कालव्यांत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलोटल होते, ते २०१४ च्या पाहणीत सुमारे ३६ उरले. आणि आमचे गिऱ्हाईक टाकी, फिल्टर व हा जीव एकाच दिवशी, एकाच रिक्षातून घरी नेते! माझा विरोध आहे तो या 'एकाच दिवशी'ला.

नव्या टाकीतले पाणी दिसायला स्वच्छ असते, पण ते तयार नसते. प्राण्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हे पुष्कळ सौम्य, पाणी बदलून काढता येते. हे सारे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि सावकाश वाढतात. त्यांना चार ते आठ आठवडे लागतात. तोवर टाकीत प्राणी नको. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवावे, साबण वा सुगंध नसलेला अमोनिया लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम या बेताने घालावा आणि थेंबांच्या चाचणीने पाणी तपासत राहावे. घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आले, आणि असे ओळीने काही दिवस घडले, की मग बरेचसे पाणी बदलून नायट्रेट वीसच्या खाली आणावे. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये; टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

हे सगळे मी वडिलांना फोनवर सांगितले. त्यांनी शाळा पाहिलेली नाही. ते म्हणाले, "मग त्यात नवं काय? कच्चं शेणखत कुणी पिकाला घालतं व्हय रं? आधी कुजू द्यावं लागतं." वस्तुतः शेतातल्या मातीत हेच अमोनियाचे नायट्रेट होत असते. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ज्या जिवाणूंचा शोध लावला, ते मातीतलेच होते.

आमचे मालक मला म्हणतात, "तू गिऱ्हाईक पळवतोस." त्यांचेही खरे आहे, सहा आठवडे थांबा म्हटले की माणूस पुढच्या दुकानात जातो. जुन्या, मुरलेल्या टाकीतला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला तर काम लवकर होते, हे मी मान्य करतो. पण तेव्हाही चाचणी केल्याशिवाय प्राणी सोडू नये.

अजून एक अडचण उरतेच. ॲक्सोलोटलला सोळा ते अठरा अंश पाणी मानवते. चोवीसच्या वर तो हैराण होतो. जिवाणूंना मात्र ऊब आवडते, म्हणून टाकी उबेत मुरवून मग थंड करावी. आता आपल्याकडच्या एप्रिलात पाणी अठरा अंशांवर ठेवायचे तर चिलर हवा, आणि त्याची किंमत ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. मित्रहो, ज्याला तो परवडत नाही त्याने गप्पी मासे पाळावेत. त्यात कमीपणा कसला?

मी मालकांपुढे एक सूचना ठेवली आहे: आज फक्त टाकी विकावी आणि प्राण्याचे नाव वहीत लिहून ठेवावे, गिऱ्हाइकाने बाटलीत पाणी आणून ते आपल्यासमोर तपासले, की मगच प्राणी द्यावा. त्यांनी अद्याप हो म्हटलेले नाही, आणि मला कामावरून काढलेलेही नाही.