बावखल बुजवून बाग?

ईस्टरनंतरच्या आठवड्यात एका नव्या बंगल्याला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांला बोलावणे आले होते. प्रार्थना झाली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून झाले आणि चहा येण्याच्या आत यजमान म्हणाले, ‘‘फादर, आता जरा मागे चला. खरी गंमत तिकडे आहे.’’ आम्ही त्यांच्यामागून परसात गेलो. पाहतो तो काय! जिथे केळीची वाफे आणि नारळीची सावली होती, तिथे मेक्सिकन लॉनचा हिरवा गालिचा, भोवती लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची वाट आणि मध्यभागी पलंगाएवढे एक तळे. तळाशी काळे प्लास्टिक, काठाला विकत आणलेले गुळगुळीत दगड, पाण्यावर फायबरचे दोन हंस, विजेवर चालणारे कारंजे आणि चार सोनेरी मासे. ‘‘कंत्राटदार नाही, मजूर नाहीत. मी आणि माझी दोन मुले, आठ रविवार खपलो,’’ यजमान अभिमानाने सांगत होते.

आम्ही विचारले, ‘‘पण इथे तुमच्या वडिलांचे बावखल होते ना?’’

‘‘होते, फादर. डास फार व्हायचे. चार डंपर भरणी टाकून बुजवले. त्याच्यावरच तर हे उभे आहे.’’

चहा आम्ही घेतला, पण तो घशाखाली नीट उतरला नाही, हे आज मोकळेपणाने सांगतो. खरे पाण्याचे घर बुजवायचे आणि त्याच्याच छातीवर पाण्याचे खोटे चित्र मांडायचे, हा प्रकार वसईच्या वाड्यावाड्यांतून सुरू झाला आहे. तो शोभेचा नाही, शहाणपणाचाही नाही. आमच्या या लिहिण्याने काही घरांत आमच्याविषयी नाराजी होईल. ती आम्हांला मान्य आहे.

तरुण वाचकांपैकी कित्येकांनी बावखल हा शब्द ऐकला असेल, पण त्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून दिला नसेल. वाडीच्या सखल कोपऱ्यात पूर्वजांनी हातांनी खणलेले, पावसाने भरणारे आणि काही ठिकाणी तळच्या झऱ्यांनी जिवंत राहणारे गोड्या पाण्याचे ते तळे. त्यावर रहाट चाले, रहाटाचे पाणी पाटाने केळीला, पानवेलीला, मोगऱ्याला जाई. पुढे रहाट गेले, डिझेलची इंजिने आली, मग विजेचे पंप आले. त्यानंतर वाडीच विकायला निघाली, तेव्हा बावखल हा आमच्या नजरेत जागा अडवणारा खड्डा होऊन बसला.

हा खड्डा काय करीत होता? वसईच्या किनारपट्टीची जमीन वाळूची. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. अशा जमिनीच्या पोटात खारे पाणी सर्व बाजूंनी आत येऊ पाहत असते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगते. शास्त्राचा ढोबळ हिशेब असा की, जमिनीतील गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर राहिली, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर टिकतो. म्हणजे वरची पातळी एक फूट उतरली की खालून चाळीस फूट खारटपणा वर चढू पाहतो! बावखल पावसाळ्यातले पाणी धरून ठेवी आणि हळूहळू जमिनीला पाजी. त्या जोरावर शेजारच्या विहिरी गोड राहत. आता आम्ही बावखल बुजवतो, त्यावर फरशी घालतो, पावसाचे पाणी गटाराने खाडीला पाठवतो आणि विहीर मचूळ झाली म्हणून टँकर मागवतो. तो टँकरही बहुधा कुणाच्या तरी वाडीतल्या विहिरीचेच पाणी उपसून आणतो. 2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, रेल्वे थांबली, घराघरांत पाणी शिरले. त्याची कारणे अनेक होती, पण पाणी थांबण्याच्या जागा आम्हीच एकेक करून मिटवल्या, हे कारण आपल्या अंगणातले होते. ते सोडून बाकी सर्व कारणांवर आम्ही सभा घेतल्या.

पाण्याचा हिशेब एक वेळ पटतो. पाण्यात राहणाऱ्यांचा हिशेब कोणी ऐकून घेत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

बावखलाच्या काठी पहाटे अर्धा तास बसून पाहावे. खंड्या वाकलेल्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी शेपूट उडवीत आळवाच्या पानांतून काळ्या पिलांना फिरवते. ढोकरी मातकट रंगाची होऊन काठावर अशी उभी असते की, ती उडाली म्हणजे पांढरे पंख पाहून माणूस दचकावा. पाण्यावर ओणवलेल्या माडाच्या झावळीला सुगरणीची घरटी लोंबतात. पहिला मोठा पाऊस पडला की रात्री बैलबेडकांचा गजर सुरू होतो. एरवी मातीच्या रंगाचा हा प्राणी त्या काही दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे फुगवून मादीला हाका मारतो. चतुर नावाचा कीटक सगळ्यांनी लहानपणी दोरा बांधून उडवला आहे (आम्हीही, त्याची क्षमा असो). त्याचे बालपण पाण्याच्या तळाशी जाते आणि त्या बालपणातले मुख्य अन्न म्हणजे डासांच्या अळ्या व तसलेच इतर बारीक जीव. यांतली एक पिवळसर जात पावसाळ्याच्या अखेरीस इथून निघून मालदीवमार्गे समुद्र ओलांडते आणि आफ्रिका गाठते, असा अभ्यासकांचा कयास आहे. आमच्या घरोघरची मुले आखातात जातात, त्यांना व्हिसा लागतो.

आता डासांविषयी, कारण प्रत्येक बावखल याच आरोपाखाली मारले जाते. डेंग्यूचा डास बावखलात सहसा वाढत नाही. त्याला लहान भांडी हवीत: कुंडीखालची ताटली, टायर, कूलर, झाकण नसलेले पिंप आणि चार दिवस बंद पडलेल्या शोभेच्या कारंज्याची टाकी. सुक्या भांड्याच्या कडेला चिकटलेली त्याची अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. शहरी हिवतापाचा डासही विहिरी व गच्चीवरच्या टाक्या यांतल्या पाण्यातच प्रामुख्याने वाढतो. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, तेव्हा बोट विहिरींकडेच दाखवले होते. राहिला तो घाण पाण्यातला डास. तो बावखलात होतो, हे खरे, पण केव्हा? आपण शौचालयाच्या टाकीचे सांडपाणी त्यात सोडतो आणि जलपर्णीने ते झाकले जाते तेव्हा. जिवंत बावखलात मासे, बेडूक, चतुर, पाणढेकूण असे शंभर पहारेकरी असतात. पहारेकरी आपणच मारले आणि मग घरात चोरी झाली म्हणून घरच पाडले!

सापांचेही तसेच. बावखलात दिसतो तो बहुधा दिवड. तो चिडून चावतो, पण बिनविषारी आहे. घोणस येते ती उंदरांमागे आणि उंदीर येतात ते आपल्या कचऱ्यामागे.

एक हरकत मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. लहान मूल पाण्यात पडण्याचे भय खरे आहे आणि आईच्या त्या भयापुढे कोणाही धर्मगुरूने पांडित्य करू नये. त्याला उपाय आहे तो मजबूत कुंपणाचा, कडी लागणाऱ्या फाटकाचा आणि मुलांवर नजर ठेवण्याचा. फायबरच्या हंसांचे तळे दोन फूट खोल असले, तरी दोन वर्षांच्या मुलाला तेवढे पाणीही पुष्कळ होते, हे मात्र विसरू नये.

या बाबतीत आमचे स्वतःचे हातही स्वच्छ नाहीत. पूर्वीच्या एका धर्मग्रामात चर्चच्या मागे एक तळे होते. सणाला गाड्या लावायला जागा नाही, अशी तक्रार झाली. आम्हीच समितीपुढे ठराव मांडला आणि तळे बुजवले. कोपऱ्यात ग्रोटोपाशी सिमेंटचे टाके बांधून त्यात रंगीत मासे सोडले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षीच्या पहिल्या पावसाच्या रात्री बैलबेडूक नेहमीप्रमाणे आले. त्यांना ठराव माहीत नव्हता. सकाळच्या मिस्साला आलेल्या गाड्यांखाली ते किती चिरडले, ते आम्ही मोजले नाही. सेवकाने पाइप लावून फरशी धुतली आणि आम्ही वेदीवर गेलो. जुलैत सॅक्रिस्टीत घोटाभर पाणी आले. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ 2015 साली प्रसिद्ध झाले. बुरशी, शेवाळ, किडे, सरपटणारे जीव यांच्या वाचून सृष्टीचे चालत नाही, हे एका पोपमहोदयांनी लिहिलेले वाचताना आम्हांला ती धुतलेली फरशी आठवली.

म्हणून त्या यजमानांच्या कष्टांची आम्ही थट्टा करीत नाही. बाप आणि दोन मुले आठ रविवार मातीत खपतात, ही आजच्या दिवसांत दुर्मीळ गोष्ट आहे. तक्रार एवढीच की, ते आठ रविवार चुकीच्या बाजूला खर्ची पडले. तेच हात बावखलाला लागले असते तर? एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला जाते तेव्हा गाळ काढावा. तो नारळी-केळीला सोन्यासारखा असतो, पण सांडपाणी येत असेल तर आधी ते बंद करावे. चारही बाजूंनी सिमेंटची भिंत घालू नये. निदान एक काठ उतरता आणि गवताचा ठेवावा, म्हणजे बेडकाची पिल्ले बाहेर येतील आणि पडलेले मांजरही वाचेल. काठाला वाळा, आळू, लव्हाळा लावावा. पाण्यात कुमुदिनीचे दोन कंद पुरेत. जलपर्णी दिसेल तेव्हा उपटावी, ती दक्षिण अमेरिकेची पाहुणी आहे आणि पाहुणी म्हणून राहत नाही. सोनेरी मासे सोडू नयेत, ते बेडकांची अंडी व पिल्ले खातात. मुलांना कंटाळा आला म्हणून दुकानातले लाल कानपट्टीचे कासव ‘मुक्त’ करण्याची दयाबुद्धीही आवरावी. गप्पीसुद्धा नकोत. डोक्यावर चंदेरी ठिपका असलेला, पृष्ठभागालगत पोहणारा आपला बोटभर मासा अळ्या खाण्याचे काम आनंदाने करतो आणि त्याचे बिल येत नाही. ज्यांच्याकडे बावखल उरलेले नाही, त्यांनी छपराचे पाणी जिथे उतरते तिथून थोडे दूर हातभर खोल, पसरट खड्डा खणावा. त्यात प्लास्टिक घालू नये. तो दिवाळीपर्यंत आटेल, आटू द्यावा. बेडकाला तेवढे पुरते.

जागेच्या किमतीचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण बहुतेक घरांत तोच पहिला असतो आणि डासांचे नाव पुढे केले जाते. ‘‘फादर, गुंठ्याचा भाव ठाऊक आहे का?’’ ठाऊक आहे. टँकरचाही ठाऊक आहे. मुलगा परदेशातून परत येईल, तेव्हा त्याला गुंठा हवा असेल की गोडी विहीर, हे त्याला एकदा फोनवर विचारून घ्यावे.

सध्याच्या आमच्या चर्चमागे अर्धे बुजलेले एक बावखल आहे. उरलेला अर्धा भाग मोकळा करण्याचे आम्ही ठरवले आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर काम सुरू होईल. घमेली आणि फावडी आहेत, पण कुदळी कमी पडतील, त्या घरून आणाव्यात. बंगल्याच्या यजमानांनी दोन्ही मुलांसह येण्याचे कबूल केले आहे. गाळ ज्यांना हवा असेल, त्यांनी पोती घेऊन यावे.