मोठा कॅम म्हणजे मोठी ताकद?

चार धावांच्या एंजिनाची आकृती तुम्ही वहीत काढलीच असेल. दट्ट्या वरून खाली निघाला की आत येणारी झडप उघडते, तो तळाशी पोहोचला की ती मिटते. परीक्षेपुरते हे ठीक आहे. प्रत्यक्षात मात्र ही झडप दट्ट्या वर पोहोचण्याआधीच उघडू लागते, आणि तो तळ गाठून परत फिरला तरी बराच वेळ उघडी असते. असे का, हे शिकवायला कॅमशाफ्टच्या निवडीइतके चांगले उदाहरण नाही, असे माझे मत आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. उंचवटा किती उंच, यावर झडप किती उघडणार हे ठरते. किती रुंद, यावर ती किती काळ उघडी राहणार हे. हा काळ क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. अमेरिकेत मूळचा कॅमशाफ्ट काढून दुसऱ्या कारखान्याचा बसवण्याचा छंद जुना आहे. त्या छांदिष्टांचे एक लाडके एंजिन म्हणजे शेवरलेचे आठ सिलिंडरांचे, १९६७ साली आलेले, ३५० घन इंचांचे, अर्थात सुमारे ५.७ लिटरचे. त्यासाठी २६८ अंशांचा कॅमशाफ्ट मिळतो, तसा २८४ अंशांचाही. हौशी माणूस साहजिकच मोठ्या आकड्याकडे हात नेतो.

आता थोडे भौतिकी. टर्बो नसलेले एंजिन हवा ‘ओढते’ असे आपण म्हणतो. खरे तर वातावरणाचा दाब ती आत ढकलतो. हा दाब सुमारे एक लाख पास्कल. तो वाढवणे आपल्या हाती नाही. हाती आहे तो वेळ. मिनिटाला ६,००० फेरे असताना २६८ अंश फिरायला जेमतेम ७.४ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सिलिंडर भरायचा! पण हवेलाही वस्तुमान आहे. नळीतून वेगाने येणारी हवा, दट्ट्या वर निघाला तरी, स्वतःच्या जडत्वाने आत घुसतच राहते. म्हणून झडप उशिरा मिटणे फायद्याचे.

तोच कॅमशाफ्ट १,५०० फेऱ्यांवर काय करील? वेळ चौपट, पण हवेचा वेग कमी, जडत्वाचा जोर नाही. झडप तळानंतर ६० अंशांनी मिटत असेल, तर या एंजिनात तोवर दट्ट्याने वरच्या वाटेचा सुमारे पाचवा हिस्सा काटलेला असतो. आत आलेले मिश्रण तो पुन्हा नळीत ढकलतो. संपीडन कमी भरते, टॉर्क पडतो. म्हणून मोठ्या कॅमबरोबर एंजिनाचे संपीडन गुणोत्तरही वाढवावे लागते. नुसता कॅम बदलून मोकळे होणाऱ्यांची निराशा होते ती इथे.

जाहिरातीतली ‘इतकी अश्वशक्ती वाढली’ ही ओळ वाचताना वर्गातले सूत्र आठवा : शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. समजा, एका कॅमने ३,००० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर मिळतात; शक्ती झाली सुमारे १२६ किलोवॅट. दुसऱ्याने ५,५०० फेऱ्यांवर ३६० मिळतात. शक्ती सुमारे २०७ किलोवॅट. टॉर्क कमी असून आकडा मोठा! पण गावात, चढावर, सिग्नलवर तुमचे एंजिन ५,५०० फेऱ्यांवर असते का? फेरे न सांगता शक्ती सांगणारी जाहिरात मला एकक न लिहिलेल्या उत्तरासारखी वाटते. मी तिला गुण देणार नाही.

अंशांचेही तसेच. झडप हलू लागल्यापासून मोजले तर आकडा फुगतो, ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलीवर मोजले तर तोच २६८ अंशांचा कॅम २२४ अंशांचा निघतो. दोन कारखान्यांची तुलना करायची तर हा दुसरा आकडा पाहावा.

मोठ्या कॅमने दोन्ही झडपा काही काळ एकदमच उघड्या राहतात. मंद चालीवर जळलेला वायू आत येणाऱ्या हवेत मिसळतो, एंजिन गचके खाते. कित्येकांना तो आवाजच आवडतो! पण त्याबरोबर नळीतला निर्वात कमी होतो, आणि पुष्कळ मोटारींच्या ब्रेकला मदत करणारी यंत्रणा याच निर्वातावर चालते. पाय नेहमीइतकाच दाबला आणि गाडी नेहमीसारखी थांबली नाही, तर त्या वाढीव अश्वशक्तीचे काय करायचे?

एकच उंचवटा दोन्ही वेगांना पुरत नाही, हे होंडाच्या अभियंत्यांनी ओळखले. १९८९ साली त्यांनी इंटेग्रा मोटारीत एकाच दांड्यावर मंद आणि जलद चालीचे वेगवेगळे उंचवटे ठेवले, आणि १.६ लिटरच्या एंजिनातून १६० अश्वशक्ती मिळवली. जुन्या एंजिनाला ही सोय नाही. तिथे गाडी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते ते आधी लिहून काढावे, मग यादी उघडावी. रोजच्या गाडीसाठी दोन कॅममध्ये मन अडकले, तर मी लहान घेईन.

शिक्षकांना एक विनंती. अशा दोन कॅमचे टॉर्कचे आलेख फळ्यावर काढा, आणि शक्तीचे आलेख विद्यार्थ्यांना आलेख कागदावर काढू द्या. दोन्ही रेषा एकमेकींना कुठे छेदतात, ते त्यांनाच शोधू द्या.