लक्षद्वीपला जाऊया, पण पाहुण्यासारखं



मोपाहून अगत्तीला विमान सुरू झाल्यापासून जेटीवर अधूनमधून लक्षद्वीपचा विषय निघतो. कुणाला घरच्यांना घेऊन फिरायला जायचं आहे, कुणाला तिथली टूनाची मासेमारी बघायची आहे. आमचं मत विचाराल तर जरूर जावं. पण आपण गोव्याच्या किनाऱ्यावरची माणसं. पाहुणे वाढले की किनाऱ्याचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. होडी वर ओढायला जागा शोधावी लागते, जाळी सुकवायच्या जागी खाटा लागतात, वाळूत काचा सापडतात. जो त्रास आपण इथं सोसतो, तो तिथं जाऊन दुसऱ्या मच्छीमाराला देऊ नये, एवढंच आमचं म्हणणं. खालच्या सूचना त्याच हिशेबानं वाचा.

आधी बेटाचा आकार लक्षात घ्या. लक्षद्वीपची बेटं ३६, त्यातल्या १० बेटांवर वस्ती. सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एका तिसवाडी तालुक्यात ती कितीतरी वेळा मावेल. २०११ च्या जनगणनेत तिथं ६४ हजारांवर माणसं होती. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, तीच विहीर. जास्त उपसा झाला की विहीर खारी होते. म्हणून २००५ साली कवरत्तीला आणि पुढं मिनिकॉय, अगत्तीला समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायचे प्रकल्प बसवावे लागले. तेव्हा तिथं आंघोळ एक बादलीत करा. आपण ट्रीपवर गेलो की बोटीवर पाणी पुरवूनच वापरतो, तसंच.

परवाना. बेटावरचा नसलेल्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो, मग तो भारतीय का असेना. अर्ज ऑनलाइन होतो. ओळखपत्र, फोटो, पोलिसांचा दाखला हे कागद आधी जमवून ठेवा. परवान्यावर बेटाचं नाव असतं, त्यामुळं अगत्तीचा परवाना घेऊन मिनिकॉयला उतरता येत नाही. तिकीट काढून मग परवान्यामागं धावू नका, आधी परवाना.

कधी जायचं. इथं आपली मोठी अडचण आहे. आपल्याला सवड मिळते ती मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै. नेमका तेव्हा तिथं पावसाळा असतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर्या खवळलेला, जहाजं कमी, खाडीबाहेर बोट लावणं कठीण. बंदीत जाऊन खोलीत बसून येण्यात अर्थ नाही. टूनाचा मोसमही साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. म्हणून ज्यांचा धंदा मार्चअखेरीला मंदावतो, त्यांनी त्यानंतरचे आठ-दहा दिवस धरावेत. रमजान कधी आहे ते कॅलेंडरात बघून घ्या. बेटांवर बहुतेक सगळी वस्ती मुसलमान आहे. उपासाच्या महिन्यात दिवसा खाणावळ शोधत फिरणं आपल्यालाही जड जातं आणि त्यांनाही.

जायचं कसं. विमान अगत्तीलाच उतरतं. ते छोटं असतं, सामान कमी न्यावं लागतं, आणि त्या मोसमात फेऱ्या चालू आहेत का ते आधी विचारून घ्या. मिनिकॉयला जायचं तर कोचीहून जहाज बरं. बेटाप्रमाणे १४ ते १८ तास लागतात. बऱ्याच ठिकाणी जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसं लहान बोटीत उतरवतात. आपल्याला त्याचं काही वाटणार नाही, पण घरची म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आयुष्यात होडीत न बसलेली सून यांचा विचार करा. पाठीवर पिशवी, दोन्ही हात मोकळे, पायात घट्ट चप्पल. लाट वर आली की खलाशी सांगेल तेव्हाच पाऊल टाकायचं. "आम्ही दर्यावर्दी, आम्हाला सांगू नका" हा तोरा तिथं नको.

औषधं, पैसे, फोन. बीपी-शुगरच्या गोळ्या मोजून चार-पाच दिवस जास्त घ्या, जहाज उशिरा सुटू शकतं. बेटावर दवाखाने आहेत, पण मोठं दुखणं आलं तर हेलिकॉप्टरनं कोचीला न्यावं लागतं. हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरला विचारा. रोख पैसे जवळ ठेवा. कोचीपासून समुद्राखालून टाकलेली केबल २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली, तरी सगळा व्यवहार मोबाइलवर होईल असं धरून जाऊ नका.

दारू. बंगारम सोडलं तर दारूबंदी आहे. पिशवीत लपवून नेऊ नका. आपल्या एका माणसाची बाटली सापडली तर "गोव्याची माणसं अशीच" हे सगळ्यांच्या कपाळी येणार. कपड्यांचंही तसंच. पोहायला जायचे कपडे पाण्यापुरते, गावात अंग झाकून फिरा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपल्या कोळणीचा मासे विकतानाचा फोटो कुणी न विचारता काढला की आपल्याला राग येतोच ना?

कचरा. प्लास्टिक टाकायला बेटावर जागाच नाही. बाटल्या, पाकिटं, मुलांचे डायपर जे न्याल ते परत आणा. प्रवाळावर पाय ठेवू नका, वर चढून फोटो तर अजिबात नको. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं. ते परत वाढायला वर्षं लागतात, आणि तेच त्यांचं बेट लाटांपासून राखतं. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा आणायचा नाही. समुद्रकाकडी म्हणजे सी ककंबर हा कायद्यानं वाघाइतकाच संरक्षित प्राणी आहे. गंमत म्हणून उचललात तरी गुन्हा होतो.

आपली बोट घेऊन जाऊ का, असंही काहींनी विचारलं. नको. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर तिथल्या प्रशासनाचा अधिकार आहे. बाहेरच्या ट्रॉलरांबद्दल बेटकऱ्यांच्या मनात आधीच राग आहे, आणि तो आपल्याला समजायला हवा. दुसऱ्या राज्याचे ट्रॉलर आपल्या पाण्यात आले की आपण काय बोलतो ते आठवा. गळ टाकायची हौस असेल तर तिथल्याच मच्छीमाराबरोबर, त्याच्या बोटीतून, त्याला पैसे देऊन जा.

आता खरं बघण्यासारखं काय. मिनिकॉयला आणि अगत्तीलाही काठीनं टूना पकडतात. पहाटे खाडीत बारीक मासे धरून बोटीच्या हौदात जिवंत ठेवतात. पक्षी दिसले की समजायचं टूनाचा थवा आहे. बारीक मासे फेकतात, पाण्याचा फवारा मारतात, आणि बिनकाट्याच्या गळानं एकेक मासा वर ओढतात. नको तो मासा जवळपास येतच नाही. आपल्यातले काही म्हणतील, एकेक मासा धरून पोट कसं भरणार? प्रश्न बरोबर आहे, आणि आपली माणसं उद्या काठ्या घेऊन निघतील असं आम्हीही म्हणत नाही. पण एलईडीवर २०१७ मध्ये केंद्रानं बंदी घातली, तरी आपल्याकडची भांडणं मिटलेली नाहीत. मासा राखून धंदा करणारी माणसं याच अरबी समुद्रात आहेत, ती एकदा डोळ्यांनी बघायला काय हरकत?

मासा किनाऱ्यावर आला की तो उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून "मास" करतात. तो कित्येक महिने टिकतो. बर्फ नव्हता तेव्हाची ही युक्ती आजही चालते. आपल्याकडं मासळी जास्त आली की भाव पडतो आणि बायका हात चोळत बसतात. म्हणून सोसायटीनं अभ्यासदौरा काढला तर त्यात निम्म्या बायका असाव्यात, असा आमचा आग्रह आहे. बोटमालकच गेले तर इंजिन बघून परत येतील. वाळवणाचं काम आपल्या बायकाच जाणतात, शिकून येतील त्याही त्याच.

दहा-बारा जणांची एकच तुकडी बरी. एका लहान बेटावर पन्नास जणांनी उतरणं म्हणजे त्यांच्या विहिरीवर पन्नास बादल्यांचा भार. ज्यांना यायचं आहे त्यांनी ओळखपत्राची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन सोसायटीच्या ऑफिसात नाव द्यावं. घरच्या बाईचं नाव आधी लिहा.